शाईखर्च

आमच्या कॉलेजात तास ४८ मिनिटांचा असतो आणि मानधन ६० मिनिटांच्या तासाचं. म्हणजे मी पाच तास शिकवले की कागदावर चार होतात. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी हे मला पहिल्याच आठवड्यात कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं आणि वर समजूत घातली, "मॅडम, तुम्ही इतिहासवाल्या म्हणून सांगितलं. कॉमर्सवाल्यांना सांगावं लागत नाही." तसं पाहिलं तर यात लबाडी काही नाही. जेवढी मिनिटं फळ्यासमोर उभी राहिले तेवढ्यांचे पैसे मिळतात. दोन तासांमधला जिना, हजेरीपत्रकाचा शोध, प्रोजेक्टरची वायर कुणी नेली याची चौकशी आणि "मॅडम, दोनच मिनिटं" म्हणत दाराशी अडवणारी मुलं, एवढं मात्र माझ्या हौसेखाती जमा होतं.

तासिका तत्त्वावरच्या आमच्या जमातीला सगळे सीएचबी म्हणतात. पावसाळ्याबरोबर आमची नेमणूक उगवते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी वाळून जाते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा त्याच टेबलापुढे मुलाखत. वर्षभर ज्यांच्या डब्यातली भेंडी खाल्ली ते विभागप्रमुख सर गंभीर चेहरा करून म्हणतात, "स्वतःबद्दल थोडं सांगा." मी सांगते. ते लिहून घेतात.

उरलेल्या वेळात मी पीएच.डी. करते. 'उरलेल्या वेळात' हे शब्द आमच्या गाइड सरांसमोर उच्चारायचे नसतात. त्यांच्या मते मी पूर्ण वेळ पीएच.डी. करते आणि उरलेल्या वेळात शिकवते. प्राचार्यांच्या मते उलट. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघांच्याही हिशेबात झोप धरलेली नाही.

आईचं मत आणखी वेगळं. २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठांच्या विभागांमधल्या सहायक प्राध्यापकासाठी २०२१ च्या जुलैपासून पीएच.डी. सक्तीची होणार असं ठरलं, तेव्हा तिनेच मला प्रवेश घ्यायला लावला. मग ती मुदत २०२३ च्या जुलैपर्यंत पुढे गेली. आणि जुलै उजाडायच्या सुमारास जाहीर झालं की नेट-सेट झालेलं असलं तरी पुरे. आईने ती बातमी पेपरात वाचली आणि फोन केला. "मग आता सोडलंस तरी चालेल ना गं?" हा प्रश्न मी सरांपुढे नेला नाही. ते 'हो' म्हणाले असते तर काय घ्या!

माझा विषय उत्तर पेशवाईतली जकात. माल भरला तिथे थळभरीत, विकला तिथे थळमोड, आणि मधल्या वाटेवर लागेल त्या नाक्याची वेगळी जकात. सरकारी दस्तक जवळ असेल तर सुटका, नाहीतर कमाविसदाराचा माणूस पाठाळाच्या बैलाला हात घालून उभा. वर्गात हे सांगितलं की हमखास कोणीतरी विचारतं, "मॅडम, जकात म्हणजे जीएसटी का?" या मुलांच्या आठवणीत जकात नाकाच नाही. मुंबईची शेवटची जकात २०१७ च्या जुलैत जीएसटीबरोबर गेली तेव्हा ही मुलं पाचवी-सहावीत होती. मला मात्र जकात समजायला दफ्तरात जावं लागत नाही. माझा दिवसच त्या बैलासारखा निघतो. सकाळी पाठीवर चोवीस तास लादलेले असतात आणि थिसिसच्या पेठेत पोचेपर्यंत गोणीत तळाला काहीतरी खुळखुळत असतं.

पहिला नाका व्हॉट्सॲपचा. एस. वाय.चा ग्रुप उजाडायच्या आत जागा होतो. "मॅडम आज लेक्चर आहे का?" वेळापत्रक त्याच ग्रुपवर वरच पिन करून ठेवलेलं असतं. मी "आहे" असं लिहिते. पाच-दहा अंगठे उमटतात आणि मग खरा प्रश्न येतो, "बाकीचे येणारेत का मॅडम?" प्रत्येकजण बाकीच्यांवर अवलंबून असल्यामुळे वर्ग भरणं ही दर वेळी घासाघीस करून ठरवायची गोष्ट होऊन बसते.

दुसरा नाका बायोमेट्रिकचा. ते यंत्र माझं बोट ओळखत नाही. बोटाला शाई असते, त्याची हकीकत पुढे येईलच. मी अंगठा देते, मधलं बोट देते, यंत्र बाईच्या आवाजात नकार देत राहतं. शिपाई मामा शांतपणे म्हणतात, "मॅडम, केसांवरून फिरवा आणि मग लावा." तेलाने काम होतं. तोवर बारा-तेरा मिनिटांची जकात भरून झालेली असते.

तिसरा नाका नॅकचा, आणि तिथे बैल खाली बसतो. कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार, असं आम्ही गेली काही वर्षं ऐकतो आहोत. नॅकचे निकष सात. त्यांतल्या प्रत्येकाच्या फायली कोणी करायच्या, तर ज्यांना कायमची नोकरी नाही म्हणून 'अजून उत्साह आहे' त्यांनी. मी सातव्या निकषावर आहे. झाडं लावली तर फोटो, ती जगली नाहीत तरी फोटो. आणि फोटो जिओटॅगचा हवा. खाली अक्षांश-रेखांश दिसले नाहीत तर ते झाड कॉलेजात लावलं की काश्मिरात, हे समितीला कसं कळणार?

या सगळ्यातून सुटले की मी पेशवे दफ्तरात जाते. दफ्तरातले कागद कापडात बांधलेले असतात. त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात आणि असे हजारो रुमाल आहेत. त्यांतून निवडक कागद काढून रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापून मोकळे केले. हे सर मला दर भेटीत ऐकवतात. सरदेसायांना नॅक नव्हतं, हे मी दर भेटीत मनात म्हणते.

या कागदांसाठी मोडी वाचायला शिकले त्याचा पहिला फायदा थिसिसला झाला नाही, उत्तरपत्रिका तपासायला झाला. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर कारकुनाने कधी केली नाही आणि बोरू उचलायचा कंटाळा असल्यामुळे एक अक्षर दुसऱ्याच्या पायात पाय घालून चालतं. आमच्या बी.ए.च्या मुलांनी ही सगळी परंपरा मोडी न शिकता जपली आहे. परीक्षेच्या हंगामात सेंट्रल असेसमेंटला बसलेले माझे सहकारी कपाळाला हात लावून म्हणतात, "हे काय लिहिलंय?" मी गठ्ठा जवळ ओढते आणि घडाघडा वाचून दाखवते. तरी तारखांच्या बाबतीत जुने कारकून बरे म्हणायचे. 'इहिदे सबैन मया व अलफ' असं त्यांनी लिहिलं की एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७१, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७०, पावसाळ्याच्या तोंडी सुरू झालेलं साल. जरा कटकट होते, पण साल हाती लागतं. आमच्या मुलांच्या पेपरात पानिपतची लढाई '१७६१ च्या आसपास किंवा नंतर' होते. त्यात काहीही मिळवून उपयोग नाही.

घरी लिहून आणायच्या असाइनमेंटची गोष्ट निराळी. त्यांत शुद्धलेखन एकदम स्वच्छ होतं. एका मुलाने पानंच्या पानं सुरेख हाताने उतरवून आणली होती. पहिली ओळ, "नक्कीच! खाली मराठा राज्यातील महसूल व्यवस्थेवर सविस्तर टिपण दिले आहे." पाचव्या पानाच्या शेवटी, तितक्याच वळणदार अक्षरात, "यासंदर्भात तुम्हाला आणखी काही मदत हवी आहे का?" मी त्याखाली हिरव्या शाईने 'हो' असं लिहिलं.

आता त्या शाईकडे येते.

दफ्तराच्या वाचनकक्षात पेन चालत नाही. शिसपेन्सिलच हवी, आणि हा नियम अगदी योग्य आहे. पण दिवसभर दुसऱ्यांची शाई बघायची आणि आपण पेन्सिलीने टिपणं काढायची, याने माणसाच्या मनावर परिणाम होतो. जुन्या कागदाची घडी उलगडताना कधी कधी बारीक वाळू टेबलावर सांडते. ओली शाई सुकावी म्हणून कारकुनाने शिंपडलेली ती वाळू दोन-अडीचशे वर्षं घडीत बसून राहिलेली असते. काजळी आणि डिंक घोटून केलेली शाई अजून काळी कुळकुळीत, आणि माझी मागच्या वर्षीची जेल पेनची टिपणं पार फिकी. मी जकात शोधायला जायची आणि नाक्याच्या खर्चाच्या यादीत कागद-शाईचा आकडा आला की तिथेच रेंगाळायची. पहिल्या प्रकरणात शाईवर तीन तळटीपा गेल्या. सरांनी तिन्हींवर काट मारली आणि समासात लिहिलं, 'विषय जकात.' बॉलपेनने.

मग मी चोरवाट धरली. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी, गंजलेले पाने, रेडिओचे सांगाडे आणि एकेकटे बूट यांच्या मधोमध एखाद्या डब्यात मेलेली फाउंटन पेनं पडलेली असतात. टोपण एकाचं, नळी दुसऱ्याची. विकणाऱ्याला त्यांच्यात रस नसतो, पण आपल्याला रस आहे हे त्याला लांबूनच कळतं. "अँटिक आहे ताई," तो म्हणतो. क्लिपवर चिनी 'हिरो'चं नाव स्पष्ट दिसत असतं. मी चेहरा शक्य तितका जकात नाक्यावरच्या माणसासारखा ठेवते आणि तरीही जास्त पैसे देऊन येते.

घरी आणलेलं पेन रात्रभर कोमट पाण्यात बसतं. सकाळी पाणी निळं झालेलं असतं. कुणाची तरी १९८० सालची अर्धवट राहिलेली चिठ्ठी त्यात विरघळली असेल, असं मी रूममेटला म्हटलं तर ती म्हणाली, "तो माझा चहाचा कप आहे." मग रबराचा तुकडा लावून निब आणि तिच्याखालची जीभ हळूच ओढून काढायची. जिभेच्या खाचांत वाळलेली शाई दगडासारखी बसलेली असते, ती जुन्या टूथब्रशने सोडवायची. खरं काम पुढे. निबेचे दोन दात भिंगाखाली धरले की एक वर, एक खाली दिसतो. नखाने वरचा किंचित दाबायचा, पुन्हा बघायचं, पुन्हा दाबायचा. केसाइतकी फट राहिली पाहिजे. फट जास्त झाली तर शाई ओकते, कमी झाली तर कागद ओरबाडते. दोन्ही दात एका पातळीत आले की निब कागदावरून जाताना आवाज बदलतो, खर्रचा सुर्र होतो. पहिला मजकूर ठरलेला, 'राजश्री गोसावी यांसी'. पुढे काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही, पण पेन चालतं.

या छंदाचा इतिहासही चांगला दांडगा आहे आणि तो वाचताना थिसिस करत नसल्याची बोचणी अर्धी होते, कारण हाही इतिहासच. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेल्या स्वदेशी पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून त्यांना पत्र पाठवलं. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईचा धंदा सुरू केला, तोच पुढे कॅमलिन. बंगालची 'सुलेखा' १९३४ ची. मधे ती बंद पडली आणि २०२० मध्ये पुन्हा फाउंटन पेनची शाई काढायला लागली. ती दौत मी मागवली तेव्हा त्या महिन्याचं मानधन जमा झालेलं नव्हतं. मागच्या महिन्याचंही नव्हतं. आईला हे सांगितलं नाही. तिला फक्त बोटं दिसली. "मावसबहिणीच्या लग्नाला येशील तेव्हा घासून ये," ती म्हणाली, "मेंदी काळी रंगली म्हणतात, निळी रंगली म्हणत नाहीत."

मी इतकी वर्षं या छंदाला जपलं त्याचं कारण सरळ आहे. त्याचा सहामाही प्रगती अहवाल कोणी मागत नाही. सुधारलेलं पेन सुधारतं आणि विषय संपतो. त्यावर कोणी 'संशोधन पद्धती अधिक स्पष्ट करा' असा शेरा मारत नाही. माझ्या आयुष्यात पूर्ण झालेली गोष्ट म्हणून दाखवता येईल असं दुसरं काही सध्या नाही.

माल पकडला गेला तो परीक्षेच्या सुपरव्हिजनला. पुरवण्या वाटून झाल्या होत्या, दोरे संपले होते, फिरतं पथक येऊन गेलं होतं. मागच्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, पेन आहे का? माझं बंद पडलं." अर्ध्या तासाचा पेपर शिल्लक. माझ्या पर्समध्ये पेनं तीन, तिन्ही फाउंटन. इकडेतिकडे पाहिलं. इतर पोरं आपापल्या एकुलत्या एका जेल पेनला बिलगून लिहीत होती. शेवटी मी त्यातल्या त्यात दणकट निबेचं पेन काढलं आणि पोर सासरी पाठवावी तसं त्याच्या हातात दिलं. त्याने टोपण ओढलं. ते आट्यांचं असल्यामुळे आलं नाही. मी फिरवून दाखवलं. मग त्याने निब उलटी धरली. मी सुलटी केली. मग त्याने ती बॉलपेनसारखी उभी धरून कागदात रोवली. माझ्या तोंडून निघालेला आवाज ऐकून पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "काय झालं मॅडम, पथक आलं?"

पेपर संपल्यावर पोरगं पेन घेऊन आलं. बोटं माझ्यासारखीच निळी. चेहरा अपराधी, पण सांगितलंच पाहिजे असा. "मॅडम, थँक्यू. पण तुमच्या पेनाची ना... निब मधोमध चिरलीय. मी नाही केली. आधीपासूनच होती."

तो हे प्राचार्यांसमोर बोलला. ते त्या वेळी राउंडला आले होते. त्यांनी पेन हातात घेतलं, चीर पाहिली आणि मी त्यांना फट, शाई आणि जीभ यांचं नातं समजावून सांगितलं. तिथेच गप्प बसायला हवं होतं, पण शिकवण्याची सवय लागली की ४८ मिनिटं भरेपर्यंत थांबता येत नाही. ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांचे डोळे चमकले. मला वाटलं, यांनाही शाळेतलं पेन आठवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "यावर ३० तासांचा व्हॅल्यू ॲडेड कोर्स काढा. क्रायटेरियन वनमध्ये बसतो."

"सर, हे तास ४८ चे धरायचे की ६० चे?"

"ज्ञानदानाला मिनिटं मोजतात का मॅडम?"

म्हणजे मानधन नाही, हे कळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या छंदाला अभ्यासक्रम लागला, उद्दिष्टं लागली, कोर्स आउटकम लागले. 'सीओ १ : विद्यार्थ्यास निब ओळखता येईल.' 'सीओ २ : विद्यार्थी शाई भरू शकेल.' 'सीओ ३' मध्ये काहीतरी उच्च बौद्धिक पातळीचं हवं असं सांगण्यात आलं, म्हणून 'विद्यार्थी बोटांवरील डागांचे चिकित्सक मूल्यमापन करेल' असं लिहिलं. ते मंजूर झालं. कोणी वाचलं नसावं. उद्घाटनाचा फ्लेक्स आला. त्यावर एका हातात बॉलपेन होतं. प्रमुख पाहुणे लेखणीच्या सामर्थ्यावर पाऊण तास बोलले आणि अभिप्राय वहीत लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी खिशातून मोबाइल काढला, "मी व्हॉट्सॲप करतो." दीपप्रज्वलनाचा फोटो काढताना जिओटॅगचं ॲप आमचं स्थान मुळा नदीच्या पात्रात दाखवत होतं. पुन्हा दिवा लावला.

कोर्सला मुलं आली, हे मात्र मान्य करायला हवं. क्रेडिटच्या आशेने आली, पण आली. ज्याने निब चिरलेली असल्याचा शोध लावला तोही होता. त्याचा हात बरा निघाला. तो दात जुळवताना जीभ बाहेर काढतो आणि श्वास रोखून धरतो. उरलेली मुलं दुसऱ्या आठवड्यापासून ग्रुपवर विचारू लागली, "मॅडम आज पेन आहे का?" काहींनी असाइनमेंट दिल्या. त्यांतली एक "नक्कीच!" अशी सुरू होत होती.

शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घेतले. नॅकला लागतात. एका मुलीने 'कोर्समधील सर्वांत आवडलेली बाब'पुढे 'चहा' लिहिलं. एकाने 'सुधारणेसाठी सूचना'मध्ये लिहिलं होतं, 'पेन छान आहेत. पण त्यांनी लिहायला लावू नये.' सारांश काढून, टक्केवारीचे रंगीत गोल करून, मी अहवाल फायलीत लावला. गाइड सरांनी तो कुठेतरी पाहिला. "जकातीचं दुसरं प्रकरण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, शाई वाळतेय."

जुन्या बाजारात हल्ली जात नाही. पेनं बघितली की मला हजेरीपत्रक दिसायला लागलंय. त्यामुळे मी नवा छंद धरला आहे. चांगला आहे, स्वस्त आहे, बोटांना काही लागत नाही, बायोमेट्रिकही एका झटक्यात होतं. कुठला ते मात्र इथे लिहीत नाही. आमचे प्राचार्य मासिकं वाचतात.